लंडन–पॅरिस: वेळ-अंतराच्या हिशेबातल्या या चुका टाळा

लंडन ते पॅरिस अंतर शोधलं की ३४४, ३४८, ४६०, २१६, १८८ असे आकडे समोर येतात. बरोबर सगळेच आहेत. ३४४ किमी म्हणजे शहर ते शहर सरळ रेषेत, ३४८ म्हणजे लंडनचं हीथ्रो ते पॅरिसचं शार्ल द गॉल विमानतळ. तेच अंतर मैलांत २१६ आणि सागरी मैलांत १८८. रस्त्याने, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून गेलात तर सुमारे ४६० किमी. एकक न बघता आकडा उचलला की पुढचं सगळं गणित चुकतं.

३४८ ला ताशी ८५० ने भागून 'पंचवीस मिनिटांत पोचू' म्हणणारेही असतात. एवढ्या छोट्या टप्प्यात विमान पूर्ण वेग धरतं न धरतं तोच उतरायला लागतं. तिकिटावरच्या सव्वा ते दीड तासात हीथ्रोवर धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आणि पलीकडे गेटला लागेपर्यंतचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण-एक तास. परतीला हीथ्रोवर गर्दी असली तर उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

सगळ्यात जास्त फसगत घड्याळाची. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे, बारा महिने. उन्हाळी वेळ दोन्हीकडे एकाच क्षणी बदलते. म्हणून १०:०० ला निघून १२:२० ला पोचणारं विमान दोन तास वीस मिनिटांचं नसतं, एक तास वीस मिनिटांचंच असतं. उलट दिशेला १०:०० ला निघून १०:२० ला पोचलेलं दिसतं! ती छपाईची चूक नव्हे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. घरी फोन करताना मात्र लक्षात ठेवा: भारत हिवाळ्यात लंडनच्या साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार, पॅरिसशी फरक याहून एक तासाने कमी.

शोधताना विमानतळाऐवजी नुसतं 'लंडन' टाकलं की गॅटविक, लूटन, स्टॅनस्टेडही यादीत येतात. मुंबईहून हीथ्रोला उतरून पुढचं वेगळं तिकीट लूटनहून काढलं असेल, तर सामान घेऊन ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे सहसा ब्रिटनचा व्हिसा लागतोच. पॅरिसला उतरायला शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित व्हिसा) वेगळा. तो एकदाच प्रवेशाचा असेल, तर पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला येता येत नाही.

आता घर ते हॉटेल हिशेब मांडा: हीथ्रोपर्यंत ४५ मिनिटं, तिथे २ तास आधी, विमान १ तास २०, पासपोर्ट-सामान ४५, शार्ल द गॉलहून आरईआर बी लोकलने शहरात ४५. झाले साडेपाच तासांहून थोडे जास्त. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून युरोस्टार रेल्वे सुमारे २ तास २० मिनिटांत थेट पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनला, शहराच्या आतच सोडते. स्टेशनवर दीड तास आधी गेलात तरी स्टेशन ते स्टेशन चार तासांच्या आत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच होते, त्यामुळे गाडी सुटण्याच्या पाच मिनिटं आधी पोचायची आपली सवय इथे चालत नाही.