घरच्या वाय-फायवरून मोठ्या फाईल्स पाठवताय? मग या चुका टाळा

आईच्या माहेरच्या १४ मिनी-डीव्ही कॅसेट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेट) माझ्या मावसभावाने त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्यात. त्यात आजीचा आवाज आहे, मामाचं लग्न आहे, गिरगावातल्या जुन्या खोलीतला गणपती आहे, म्हणजे परत मिळणार नाही असं सगळं. डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी होतो, त्यामुळे सगळं मिळून १८० जीबीच्या वर. वाय-फाय आहेच की घरात, रात्री लावू आणि सकाळी होऊन जाईल, असं म्हणून दादरच्या घरी त्याच्या लॅपटॉपवरून माझ्या डेस्कटॉपवर कॉपी लावली तर विंडोजने सांगितलं २० तास. लावून तर ठेवलं, आणि त्याने झोपायला जाताना सवयीने लॅपटॉपचं झाकण बंद केलं. सकाळी बघतो तर दुसरी कॅसेट पण पूर्ण आलेली नाही.

शेवटी तीच १८० जीबी अर्ध्या तासात आली. नवीन राऊटर घेतला नाही, इंटरनेटचा प्लॅन वाढवला नाही. मधे काय काय चुकत होतं ते लिहितोय, कारण मुंबईतल्या बऱ्याच घरांत हेच चुकतं.

पहिली गोष्ट प्लॅनचीच. एका घरातल्या दोन कॉम्प्युटरमधली फाईल इंटरनेटवर जातच नाही, ती लॅपटॉपवरून राऊटरकडे आणि राऊटरकडून डेस्कटॉपकडे जाते, बस. नेट बंद असलं तरी चालतं, डेटा पण कटत नाही. म्हणून १०० चा प्लॅन ३०० करून याच्यात काही फरक पडत नाही. आणि गुगल ड्राईव्हवर चढवून दुसरीकडून उतरवायचं हा तर उलटा प्रवास, दादरहून माटुंग्याला जायचं आणि वाटेत विरारला जाऊन यायचं. गुगल ड्राईव्हवर फुकटात १५ जीबी मिळतात, म्हणजे डीव्हीची एक कॅसेट.

अजून एक, आकडे नीट वाचा. राऊटरच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ते मेगाबिट, कॉपीच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइट, आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिट म्हणजे फार तर ११-१२ मेगाबाइट सेकंदाला. तेवढं दिसत असेल तर बिघाड काही नाही, तेवढाच वेग आहे.

सगळ्यात मोठी चूक: दोन्ही कॉम्प्युटर वाय-फायवर

हे मला स्वतःला खूप उशिरा कळलं. घरच्या वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. लॅपटॉप फाईलचा तुकडा राऊटरला देतो तेव्हा डेस्कटॉप गप्प, मग राऊटर तोच तुकडा डेस्कटॉपला देतो तेव्हा लॅपटॉप गप्प. एकच तुकडा हवेतून दोनदा जातो म्हणून वेग सरळ अर्धा होतो. मधे साधा रिपीटर (सिग्नल पुढे ढकलणारा डबा) लावलेला असेल तर अजून एकदा अर्धा, आणि लोक वेग वाढावा म्हणूनच तो रिपीटर लावतात हे बघून वाईट वाटतं. आणि त्यात घरातलं कोणी व्हिडिओ कॉलवर असेल तर दोघांचंही अडतं.

वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. आमच्याकडे लॅपटॉप २.४ वर जोडलेला होता, सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा कागदावरचा वेग, ७२ मेगाबिट दाखवत होतं. प्रत्यक्षात मिळतं त्याच्या निम्म्याच्या थोडं वर, म्हणजे ५ मेगाबाइटच्या आसपास, आणि डेस्कटॉप पण वाय-फायवर असल्याने त्याचं झालं अडीच. १८० जीबीला अडीचने भागा, २० तास येतात, म्हणजे विंडोज खोटं बोलत नव्हतं.

त्यातून आपल्या बिल्डिंगा. मी बेडरूममधून बघितलं तर २३ वाय-फायची नावं दिसत होती, वरची, खालची, शेजारची, समोरच्या विंगची. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, तेवढ्यात सगळी बिल्डिंग कोंबलेली. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर असते पण ते भिंतीत जास्त अडतं, आणि राऊटर नेमका दारावर मीटरच्या वायरींजवळ किंवा टीव्हीच्या मागे, मधे आरसीसीची भिंत आणि तिला टेकून लोखंडी कपाट. कॉपी करायची असेल तेवढा वेळ तरी लॅपटॉप राऊटरच्या खोलीत आणा आणि ५ चं नेटवर्क निवडा. आम्ही एवढंच केल्यावर अडीचचे २५ झाले, म्हणजे २० तासांचे २ तास.

पण खरा उपाय वायर. दोन्ही नाही जमलं तर एक तरी कॉम्प्युटर वायरने राऊटरला लावा, हवेतला एक फेरा लगेच वाचतो. इथे पण एक फसवणूक आहे बरं का, स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरचे पोर्ट अजून १०० मेगाबिटचे असतात, त्यामुळे वायर लावूनही ११ वर अडकतं आणि माणूस म्हणतो वायरपेक्षा वाय-फाय बरं होतं. पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचा, आहे का बघा, वायर कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. गिगाबिटला वायरच्या आतल्या चारही जोड्या लागतात, एक जोडी तुटली किंवा क्लिप नीट बसली नसली तर जोडणी बऱ्याचदा गपचूप १०० वर उतरते आणि कुठेही एरर येत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तयार क्लिप मारलेली वायर मिळते, घरी बसून क्लिप मारत बसू नका.

आणि राऊटर १०० वालाच निघाला तर त्याला मधून काढूनच टाका, आम्ही तेच केलं. एकच वायर लॅपटॉपमधून थेट डेस्कटॉपमध्ये. गिगाबिटवाल्या मशीनला पूर्वीसारखी वेगळी क्रॉस केबल लागत नाही. मिनिटभराने दोन्ही मशीन स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर (आयपी ॲड्रेस) घेतात, ते बघून घाबरू नका, दोन मशीनपुरतं ते पुरतं. सेकंदाला १०० मेगाबाइट आले आणि अर्ध्या तासात काम संपलं. लॅपटॉपला वायरचं भोकच नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर घ्या, यूएसबी २ चा घेतलात तर तिथे परत तीसपस्तीसवर अडकाल.

समोरचा कॉम्प्युटर दिसतच नाही

ही तक्रार तर सगळ्यात जास्त. विंडोज नवीन वाय-फायला बहुतेक वेळा पब्लिक समजतं आणि पब्लिकवर शेअरिंग बंद असतं. घरचं नेटवर्क प्रायव्हेट करा, पण म्हणून चिडून फायरवॉलच (बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची राखण) बंद करू नका, ते नंतर चालू करायचं हमखास राहून जातं. थेट वायर लावलीत तर ते नेटवर्क विंडोजला अनोळखी वाटतं आणि परत पब्लिक होतं, ते पण बघा. एक मशीन गेस्ट वाय-फायवर असेल तर तिथली मशीन एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय केलेली असते, दोन्ही एकाच नेटवर्कवर आणा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी जोडणी) चालू असेल तर तो घरचं नेटवर्क अडवू शकतो.

मग पासवर्ड. विंडोज विचारतं तेव्हा लोक पिन टाकतात, रोज लॉगिन करताना तोच टाकायची सवय असते ना, पण तो पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर अकाउंटचा खरा पासवर्डच लागतो. यात आमचा पाऊण तास गेला. आणि विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटनंतर बिनपासवर्डचं गेस्ट शेअर उघडत नाही, जुनी नेटवर्क डिस्क अपडेटनंतर अचानक बंद पडली असेल तर आधी तिथे बघा, तिला युजर आणि पासवर्ड लावा.

जागा आहे तरी फाईल जात नाही? डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर बसतच नाही, बाकी ५०० जीबी मोकळे असले तरी. विंडोजच असेल तर एनटीएफएस, मॅकशी पण देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या.

हजारो छोटे फोटो असतील तर तीही वेगळी कहाणी, प्रत्येक फाईल उघडणं-बंद करणं यातच वेळ जातो आणि वेग पार किलोबाइटवर येतो. सगळ्यांची एक झिप करा, कॉम्प्रेशन न लावता, कारण फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, परत दाबून फक्त वेळ जातो.

कट कधीच करू नका

हे मात्र हात जोडून सांगतो. कट-पेस्टमध्ये पोचलेली फाईल मूळ जागेवरून उडत जाते, आणि मधेच वाय-फाय गेलं की अर्धं इकडे अर्धं तिकडे, काय कुठे आहे ते शोधत बसा. नेहमी कॉपी. दोन्ही मशीन चार्जरला लावा, स्लीप बंद करा, झाकण उघडं ठेवा. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड आहे, तिला /Z हा पर्याय दिला की तुटलेली कॉपी जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते, मॅक आणि लिनक्सवर आरसिंक ही कमांड --partial पर्याय दिला की तेच काम करते.

आणि कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. तुटलेल्या कॉपीत कधीकधी फाईलचं नाव येतं, साइज पण पूर्ण दिसते, आणि आत निम्म्यानंतर काहीच नसतं. म्हणून दोन्हीकडे फाईलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, काढून जुळवा, विंडोजमध्ये सर्टयुटिल या कमांडने एसएचए२५६ प्रकारचा हॅश निघतो, एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाईल परत आणा. आमच्या १४ पैकी १३ जुळल्या. न जुळलेली तीच, पहिल्या रात्री झाकण बंद झालं तेव्हा अर्धवट राहिलेली दुसरी कॅसेट, आम्ही नंतर आहे ते वगळा म्हणून पुढे गेलो होतो. गिरगावचा गणपती त्यातच होता. मावसभावाने लॅपटॉपवरून अजून काही उडवलं नव्हतं म्हणून परत कॉपी करता आली, दोन मिनिटं लागली, आणि मग एक सेट बाहेरच्या डिस्कवर टाकून मामाकडे ठेवायला दिला.