मोमेंटम आणि फोर्सची गणितं: सोडवताना आणि तपासताना या चुका टाळा

मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग) आणि फोर्सच्या गणितांचे पेपर तपासायला घेतले की एक गोष्ट दर वेळी दिसते, फॉर्म्युला बहुतेक मुलांचा बरोबर असतो. चूक त्याच्या आधीच झालेली असते. पॉझिटिव्ह दिशा कुठली धरली, सिस्टीममध्ये काय काय घेतलं, कुठल्या क्षणापासून कुठल्या क्षणापर्यंतचं गणित चाललंय, यातलं कागदावर काहीच नसतं, डायरेक्ट आकडे टाकायला सुरुवात. आणि तपासणारा पण बऱ्याचदा शेवटचा आकडा बघून बरोबर-चूक करून मोकळा होतो, त्यामुळे मूळ चूक ना मुलाला कळते ना सरांना. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय.

दिशा न लिहिणं

०.१५ किलोचा बॉल २० मीटर प्रति सेकंद वेगाने भिंतीवर आदळला आणि १५ ने परत आला, मोमेंटममधला बदल किती? निम्म्या वर्गाचं उत्तर ०.७५ येतं, कारण २० मधून १५ वजा केले आणि ०.१५ ने गुणलं. पण बॉल उलट फिरलाय ना, म्हणजे भिंतीकडची दिशा पॉझिटिव्ह धरली तर शेवटचा वेग उणे १५. बदल येतो उणे ५.२५ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. सात पट फरक! पुढे टक्कर ०.०१ सेकंद टिकली असं दिलं असेल तर सरासरी बल ५२५ न्यूटन यायच्या ऐवजी ७५ येतं, आणि ७५ हा आकडा दिसायला इतका साधा की कुणालाच शंका येत नाही.

इथे एक चेक आहे तो कायम वापरा. बॉल भिंतीला लागून जागीच थांबला असता तर बदल ३ झाला असता. आता तो थांबून शिवाय उलटा पण गेलाय, म्हणजे भिंतीने जास्त ढकललं असणार, बदल ३ पेक्षा मोठाच हवा. ०.७५ आलं तिथेच पेन थांबायला पाहिजे.

दिशा कुठलीही धरा, डावीकडची पॉझिटिव्ह धरली तरी काही बिघडत नाही, फक्त आकृतीत बाण काढून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

नॉर्मल म्हणजे एमजी, हे पाठ करून ठेवणं

सपाट जमिनीवर वस्तू ठेवलीये, वरून-खालून दुसरं कुणी ओढत-दाबत नाही आणि वर-खाली प्रवेग नाही, तेव्हाच नॉर्मल (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल) एमजीएवढा, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वाचा प्रवेग जी, थोडक्यात वस्तूच्या वजनाएवढा असतो. ५ किलोचा खोका ३० अंशात वरच्या बाजूला २० न्यूटनने ओढला तर नॉर्मल ४९ वजा १०, म्हणजे ३९ न्यूटन. तेच बल त्याच कोनात खाली दाबत ढकललं तर ५९. घर्षण नॉर्मलवरून काढायचं असतं, त्यामुळे इथे चुकलं की पुढचं सगळंच चुकलं.

नॉर्मल आणि वजन ही ॲक्शन-रिॲक्शनची जोडी आहे असं तर चांगली चांगली मुलं लिहितात. नाहीये ती जोडी. दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागतायत आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी कायम दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असते. पुस्तकाला पृथ्वी खाली ओढते, तर त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. पटत नसेल तर लिफ्टचा विचार करा, लिफ्ट वर वेग घेत असताना आतल्या माणसावरचा नॉर्मल त्याच्या वजनापेक्षा जास्त असतो. ती जोडी असती तर दोन्ही कधी वेगळी झालीच नसती.

घर्षण नेहमी म्यू गुणिले नॉर्मल धरणं

तोच ५ किलोचा खोका, स्थितिक घर्षणाचा म्यू (घर्षण जास्तीत जास्त नॉर्मलच्या किती पट होऊ शकतं तो आकडा) ०.४, आडवं १० न्यूटनने ढकलला. मुलं घर्षण १९.६ लिहितात. मग निव्वळ बल ९.६ न्यूटन मागच्या दिशेने उरलं, म्हणजे खोका ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला लागला! १९.६ ही वरची मर्यादा आहे, खोका हलत नाही तोवर घर्षण लागेल तेवढंच असतं, इथे १० न्यूटन. आधी मर्यादा काढायची, मग ढकलणारं बल त्याच्या आत आहे की बाहेर ते बघायचं.

उतारावर साइन की कॉस हा गोंधळ झाला तर कोन शून्य करून बघा. उतार सपाट झाला की उताराच्या दिशेचं वजन शून्य व्हायला हवं, शून्याचा साइन शून्य, संपला प्रश्न. आणि आकृतीत एमए (वस्तुमान गुणिले प्रवेग) नावाचा बाण काढू नका, ते वेगळं बल नाही, सगळ्या बलांची बेरीज केल्यावर ते येतं.

पुलीवर २ आणि ३ किलो लटकवले की दोरीचा ताण सरळ एमजी लिहिणारे पण खूप. वजनरहित दोरी आणि घर्षण नसलेली पुली धरली तर प्रवेग १.९६ आणि ताण २३.५२ न्यूटन येतो. चेक सोपा आहे, हलकं वजन वर जातंय म्हणजे ताण १९.६ पेक्षा जास्त हवा, जड खाली येतंय म्हणजे २९.४ पेक्षा कमी.

टक्कर आणि झोका एकाच समीकरणात कोंबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १० ग्रॅमची गोळी २०० मीटर प्रति सेकंदाने टांगलेल्या २ किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून अडकली, ठोकळा किती उंच जाईल? मुलं गोळीची सगळी गतिज ऊर्जा थेट उंचीत बदलतात. उत्तर येतं साधारण १०.२ मीटर, तीन मजल्यांएवढं.

गणिताचे दोन भाग आहेत आणि दोघांचे नियम वेगळे. गोळी घुसतानाचा भाग अगदी थोड्या वेळाचा, तिथे मोमेंटम टिकतं पण गतिज ऊर्जा टिकत नाही. ०.०१ गुणिले २०० भागिले २.०१, म्हणजे वेग जेमतेम ०.९९५. त्यानंतर झोका वर जाताना ऊर्जा टिकते पण मोमेंटम नाही, कारण गुरुत्व आणि दोरी बाहेरून बल लावतायत. उंची येते साधारण ५ सेंटिमीटर. कुठे १० मीटर आणि कुठे ५ सेंटिमीटर. २०० ज्यूलमधले जवळजवळ १९९ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेले, ते विसरून चालणार नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला हीच कल्पना मांडली होती, ठोकळा किती मागे झुलला त्यावरून उलट हिशोब करत गोळीपर्यंत जायचं. मला हे गणित फार आवडतं, कारण नुसत्या फॉर्म्युल्यावर ते सुटतच नाही.

मोमेंटम दिशेप्रमाणे वेगवेगळं बघावं लागतं हेही लक्षात ठेवा. चालत्या ट्रॉलीत वरून वाळू पडली तर, चाकांचं घर्षण सोडलं तर, ट्रॉली आणि वाळू मिळून आडवं मोमेंटम टिकतं, उभं टिकत नाही कारण जमीन खालून ढकलते.

युनिटबद्दल एवढंच, ग्रॅम, सेंटिमीटर आणि किलोमीटर प्रति तास पहिल्याच ओळीत बदलून टाका. ७२ किलोमीटर प्रति तास म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. आणि मधल्या पायऱ्यांना राउंड ऑफ करू नका, शेवटी करा.

आता तपासणाऱ्यांसाठी

एका चुकीचे मार्क दोनदा कापू नका. वरच्याच गोळी-ठोकळ्याच्या गणितात कुणी १० ग्रॅम म्हणजे ०.१ किलो धरलं तर वेग ९.५२ येतो आणि उंची ४.६३ मीटर. शेवटचं उत्तर पार चुकलंय, पण दोन्ही नियम बरोबर जागी वापरलेत. इथे युनिटचा मार्क कापायचा आणि बाकीचे द्यायचे. ज्याने ऊर्जा थेट उंचीत घातली त्याची गोष्ट वेगळी, त्याच्याकडे टक्करीची पायरीच नाही, त्यामुळे त्या पायरीचे सगळे मार्क जातात, भले आकडेमोड कितीही स्वच्छ असो. दोघांची उत्तरं चूक म्हणून दोघांना सारखेच मार्क देणं हा अन्याय आहे.

उलट बाजू पण असते. २ किलोची ट्रॉली ६ च्या वेगाने थांबलेल्या २ किलोच्या ट्रॉलीला चिकटली, मुलाने लिहिलं 'चिकटले म्हणून वेग अर्धा, ३'. उत्तर बरोबर, पण दुसरी ट्रॉली ४ किलोची असती तर तो परत ३ च लिहिणार आणि बरोबर उत्तर २ आहे. मोमेंटमचं समीकरण नसेल तर पूर्ण मार्क देऊ नका, देऊन त्याचं नुकसानच करताय.

जी ९.८ की १० हे प्रश्नात दिलं नसेल तर दोन्ही चालवून घ्या, फरक दोनच टक्के आहे. मॉडेल आन्सरमध्ये उजवी बाजू पॉझिटिव्ह आहे म्हणून डावी धरणाऱ्याचं उणे चिन्ह लाल करू नका, आधी त्याचा बाण बघा. प्रश्नात नुसतं बलाचं मूल्य विचारलंय की दिशा पण, हे मार्किंग स्कीममध्ये आधीच ठरलेलं पाहिजे, नाहीतर पहिल्या दहा पेपरांना एक न्याय आणि शेवटच्या दहांना दुसरा.

त्यासाठी सगळ्यांचा एकच प्रश्न आधी तपासून संपवा, मग पुढचा घ्या. स्कीम पक्की करायच्या आधी चार-पाच पेपर नुसते वाचून काढा, कारण फोर्सने सोडवायचं गणित कुणीतरी ऊर्जेने सोडवलेलं असतंच आणि ते बरोबर असतं. आणि मोठी फुली मारण्यापेक्षा जिथे गाडी घसरली त्या ओळीशेजारी 'दिशा?' किंवा 'इथे ऊर्जा टिकते का?' एवढं लिहा. वेळ तेवढाच लागतो, आणि पेपर हातात आल्यावर मुलगा मार्क मोजायच्या ऐवजी ती ओळ वाचायला घेतो.