दीर्घ आजार असलेल्या मुलाची मोसमी ॲलर्जी: औषधं जपून कशी द्यावीत

दमा, फिट्स, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलाला मोसमी ॲलर्जी झाली, की शिंकांपेक्षा घाईने दिलेलं सर्दीचं औषधच पुष्कळदा जास्त त्रास देतं. म्हणून मोसमाच्या महिनाभर आधी मुलाच्या सगळ्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि कोणतं चालेल, कोणतं नाही, हे लिहूनच घ्या.

बाटलीवरचं नाव न पाहता घटक वाचा. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिनसारख्या ॲलर्जीच्या जुन्या पिढीतल्या औषधांनी गुंगी येते. फिट्स येणाऱ्या मुलात त्यांनी फिट येण्याची शक्यताही वाढू शकते. स्युडोएफेड्रिन, फिनाइलएफ्रिन या नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून हृदयविकारात ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन ही नवी औषधं तुलनेने बरी. पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांचाही डोस बदलावा लागतो, आणि फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर दिलं तर कमी शोषलं जातं. ते साध्या पाण्याबरोबरच द्या. मधुमेह असेल तर सिरपमधली साखर विचारून घ्या. तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागलं, तर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी लागते.

नाक सतत चोंदत असेल तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा स्प्रे देतात. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात, म्हणून तो मोसमाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करून रोज वापरायचा असतो. दोन दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून तो सोडून देणं ही नेहमीची चूक. आधी नाक शिंकरून घ्या, मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरा आणि टोक उजव्या कानाकडे वळवा; डाव्या नाकपुडीसाठी याच्या उलट. फवारा मधल्या पडद्यावर बसला की घोळणा फुटतो. जोराने ओढू नका, औषध घशात उतरतं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि तीन ते पाच दिवसांपुरतेच. त्यापुढे नाक उलट जास्त चोंदतं.

दमा असलेल्या मुलात नाक आणि छाती वेगळी मानू नका. नाक बिघडलं की दमाही बळावतो, त्यामुळे बरं वाटलं तरी रोजचा प्रतिबंधक इनहेलर थांबवायचा नाही. स्पेसरमध्ये (इनहेलरला जोडायच्या प्लास्टिकच्या नळीत) एका वेळी एकच पफ, मग पाच-सहा सावकाश श्वास; दोन पफ एकदम मारले तर औषध आतच चिकटतं. नंतर चूळ भरायला लावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला बसतं. नाकातलं आणि छातीतलं अशी दोन्ही स्टेरॉइडं चालू असतील तर मुलाची वाढ थोडी मंदावू शकते, म्हणून उंचीची नोंद ठेवा. मॉन्टेलुकास्ट हे दमा-ॲलर्जीचं तोंडाने घ्यायचं औषध चालू असताना झोप बिघडली, मूल चिडचिडं किंवा उदास झालं, तर लगेच कळवा.

बाहेरून आल्यावर हातपाय, तोंड धुवा, कपडे बदला आणि शक्यतो आंघोळच घाला.

ताप आला तर ती नुसती ॲलर्जी नव्हे, संसर्ग तपासायला हवा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर आराम देणारा इनहेलर स्पेसरमधून देत तडक रुग्णालय गाठा.