पॉवर विडरच्या कपलिंगचे दात गोल झाले असतील तर

रोटाव्हेटर जोडल्यावर जोर आला की खटखट होते आणि फाळ थांबतात? आधी इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची कॅप काढा आणि कपलिंगचे, म्हणजे इंजिनाचा जोर रोटाव्हेटरला देणाऱ्या दातेरी जोडाचे, दात पाहा. कडा गोल झाल्या असतील तर ते एकमेकांवरून घसरतात.

दात थोडेच झिजले असतील तर वेल्डिंगने भरून घेता येतात. पण कपलिंग शाफ्टवरून काढूनच वेल्डिंग करा. जागेवर केले तर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होते, शिवाय उष्णतेने ऑइल सील जळते. हे लोखंड कडक असते, म्हणून आधी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, कोरडा ७०१८ रॉड (कमी हायड्रोजनचा वेल्डिंग रॉड) वापरा आणि नंतर कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्या. पाणी अजिबात नको, तडा जातो.

मग ग्राइंडर आणि कानस. खरी मेहनत इथे आहे. समोरच्या दातांना तेलात कालवलेला गेरू लावा, दोन्ही भाग जुळवून फिरवा, डाग पडेल तिथेच घासा. सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत. एकच टेकला तर सगळा भार त्याच्यावर येऊन तो तुटतो.

दातांच्या मुळाशी तडा दिसला तर वेल्डिंगचा मोह टाळा, नवीन कपलिंग घ्या. जोडताना फ्लँजचे (दोन भाग बोल्टने जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट घट्ट आहेत ना ते बघा. तिथल्या ढिलाईनेही झीज सुरू होते.