क्लायंट कॉलवर इंग्रजी डोक्यावरून जातंय? नवीन जॉइन झालेल्यांसाठी

मराठी मीडियममधून इंजिनिअरिंग करून आयटीत लागलेली बरीच मुलं विचारतात, की ताई, मेल लिहिता येतो, डॉक्युमेंट वाचता येतं, पण क्लायंट बोलायला लागला की शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ मात्र लागत नाही. यात तुमचं व्याकरण कच्चं नाहीये, आणि इडियम्सची यादी पाठ करून पण फार फरक पडत नाही. माझ्या मते आधी बोलणारा कुठला आहे ते बघायचं आणि तो आपल्याकडून नेमकं काय मागतोय ते पकडायचं.

अमेरिकन माणसाच्या बोलण्यात बेसबॉल खच्चून भरलेला असतो. टच बेस करू म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ, कर्व्हबॉल म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेली अडचण, आणि रेन चेक म्हणजे आत्ता नको, पुढे कधीतरी. हा रेन चेक आधी खरंच चिठ्ठी असायचा, पावसाने मॅच रद्द झाली की प्रेक्षकांना ती दाखवून दुसरी मॅच बघता यायची. ब्रिटिश लोकांचं क्रिकेट आपल्याला जवळचं, पण तिथेही गंमत आहे, सिक्स म्हटलं की आपण खूश होतो आणि ते 'नॉक्ड मी फॉर सिक्स' म्हणतात तेव्हा मोठा धक्का बसलेला असतो, कारण तिथे बाजू बोलरची.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती बॉलपार्कवर. क्लायंट म्हणतो, जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क, आणि आपला नवीन मुलगा रिक्वायरमेंट अजून क्लिअर नाहीत वगैरे समजावत बसतो. त्याला ढोबळ आकडा हवाय, बाकी काही नाही. टेस्टिंग धरून दोन ते तीन आठवडे, पक्कं शुक्रवारी सांगतो, एवढं बोला. आणि मीटिंगच्या नोट्समध्ये तो रफ एस्टिमेट आहे असं आठवणीने लिहा, नाहीतर तोच आकडा कुणाच्यातरी एक्सेलमध्ये जाऊन डेडलाइन होऊन बसतो.

टेक धिस ऑफलाइन म्हटलं की विषय तिथेच थांबवायचा, नंतर संबंधित दोघातिघांनीच बोलायचं.

'लेट्स टेबल धिस' मात्र नीट ऐका. अमेरिकन म्हणाला तर विषय बाजूला ठेवू, आणि ब्रिटिश म्हणाला तर चर्चेला घेऊ, म्हणजे बरोब्बर उलट! दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचा यावरून लांबलचक वाद झाला होता, चर्चिलने आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. तसंच क्वाइट गुड, अमेरिकन खूश होऊन म्हणतो, ब्रिटिश बऱ्याचदा 'ठीकठाक' या अर्थाने.

मग समजलं नाही तर गप्प राहू नका. ऐकलेलं आपल्या साध्या इंग्रजीत परत विचारा, सो वी आर पॉझिंग धिस टिल नेक्स्ट मंथ, राइट? असं विचारल्यावर कुणी हसत नाही, उलट कॉलवरच्या अजून दोघांना तेच विचारायचं असतं.

आणि आपलं डू द नीडफुल, आउट ऑफ स्टेशन, प्रीपोन हे आपसात बिनधास्त वापरा, चुकीचं काही नाही त्यात, प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत पण आहे. फक्त बाहेरच्या क्लायंटला मेल करताना नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत ते सरळ लिहा, कारण नीडफुल वाचून त्याला काय करायचं तेच कळत नाही.