खाडीत कांदळवन सफर सुरू करणाऱ्या बायांनो

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७पासून पाहुण्यांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, दाखवतात. त्यांचं बघून आम्हीही आमच्या खाडीत सुरुवात केली. आता दुसऱ्या गावच्या बाया विचारतात, म्हणून लिहिते.

होडीचं नंतर बघा. आधी खाडीत पाग टाकणारे, कुर्ल्या धरणारे, कालवं काढणाऱ्या, सगळ्यांना एकत्र बसवा. जाळी कुठे लागतात ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि होडीची वाट तिथून वळसा घालून ठरवा. कांदळवन तुटलं की पहिलं त्यांनाच दिसतं. ती माणसं दुरावली तर राखण कोण करणार? मग ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याचा कांदळवन कक्ष, होडीच्या परवान्यासाठी सागरी मंडळ. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

इंजिन नकोच. त्याच्या लाटांनी काठाचा चिखल सुटतो, पक्षी उडून जातात.

वेळ भरती ठरवते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा: चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा वाजता भरती. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, म्हणून महिनाभर आपल्याच धक्क्यावर वेळा लिहून ठेवा. भरती पुरी व्हायच्या तासभर आधी निघालं की पाणीच आत नेतं, आणि येताना सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. वल्हवणारीचे खांदे वाचतात.

पाहुण्यांपुढे झाडांची नुसती नावं म्हणू नका. तिवराचं पान चाखायला द्या, वर मीठ लागतं. पांढऱ्या चिप्पीचं फूल रात्री उमलतं, म्हणून पहाटेच्या फेरीत केसर पाण्यावर तरंगताना दिसतात. हीच चिप्पी २०२०मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. कांदळाची शेंग झाडावरच रुजते, तीही दाखवा. गेव्याच्या झाडाला मात्र हात लावू देऊ नका, त्याचा चीक डोळ्यांना फार वाईट.

पाहुण्यांना रोप लावायची हौस असते. कालवं-शिवल्यांच्या मोकळ्या चिखलात अजिबात लावू देऊ नका, तिथे आपल्याच बायांचं पोट आहे. पुष्कळदा लावावंही लागत नाही. भरावाने अडलेली वाट मोकळी करून भरतीचं पाणी आत-बाहेर होऊ लागलं की बिया वाहत येऊन रुजतात.

कुठे तोड किंवा नवा भराव दिसला तर तारखेसह फोटो काढा, तहसीलदार आणि वनखात्याला लेखी द्या, पोच घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. अर्जात तो निकाल नक्की लिहा.