डीएओ तपासताना या चुका टाळा: मतं मोजून झाली, आता चाव्या मोजा

पतसंस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना डीएओ, म्हणजे ब्लॉकचेनवर कोडने चालणारी विकेंद्रित संस्था, समजायला वेळ लागत नाही. ठराव मांडला जातो, मतदान होतं आणि मंजुरी मिळाली की तिजोरी उघडते. फरक दोनच आहेत. सहकारात एका सभासदाला एकच मत असतं, इथे बहुतेक ठिकाणी जितके टोकन (संस्थेची डिजिटल नाणी) तितकी मतं. शिवाय ठराव अमलात आणायला सचिव नसतो, ते काम कोड करतो. तपासणारे चुकतात ते बहुधा हेच दोन फरक विसरून.

सभासदांच्या आकड्यावर भुलणं

हजारो वॉलेट्समध्ये (डिजिटल खात्यांत) टोकन आहेत, म्हणजे सत्ता वाटली गेली असं नाही. ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांचं विश्लेषण करणाऱ्या चेनॅलिसिस कंपनीने 2022 मध्ये दहा मोठ्या डीएओंची पाहणी केली, तेव्हा एक टक्क्याहून कमी टोकनधारकांच्या हाती 90 टक्के मताधिकार निघाला. म्हणून मागचे आठ-दहा ठराव काढा आणि प्रत्येकातली सर्वांत मोठी पाच मतं वजा करून बघा. निकाल फिरतो का? फिरत असेल तर ती सभा त्या पाचांचीच आहे.

गणपूर्ती झाली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. जुलै 2024 मध्ये कंपाउंड या क्रिप्टो कर्जांच्या डीएओचा ठराव 289 सुमारे 6.82 लाख विरुद्ध 6.33 लाख मतांनी मंजूर झाला. त्यातून कंपाउंडचे 4,99,000 कॉम्प टोकन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 2.4 कोटी डॉलर, एका गटाच्या योजनेत जाणार होते. कोडला कोणी हात लावला नव्हता, मतं रीतसर पडली होती. पुढे वाटाघाटी होऊन ठराव मागे घेतला गेला, एवढंच.

मत कोणत्या क्षणी मोजलं, हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बीनस्टॉक या क्रिप्टो प्रकल्पात दोन-तृतीयांश मतं असतील तर 24 तासांनी ठराव तातडीने अमलात आणता येत असे. एप्रिल 2022 मध्ये हल्लेखोराने आदल्या दिवशी ठराव टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी फ्लॅश लोनने (त्याच व्यवहारात फेडायच्या विनातारण कर्जाने) सुमारे 100 कोटी डॉलर उचलले, त्यातून मताधिकार मिळवला, स्वतःच्याच ठरावाला मत दिलं, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून टाकलं. हे सगळं एकाच व्यवहारात. नुकसान सुमारे 18.2 कोटी डॉलरचं. सभेच्या दारात शेअर उसने घेऊन मत द्यावं आणि चहा यायच्या आत परत करावेत, असला प्रकार.

उपाय जुना आणि साधा आहे: मताधिकार ठराव मांडल्यानंतरच्या ठरलेल्या ब्लॉकवरच्या (ब्लॉकचेनच्या नोंदवहीतल्या एका पानावरच्या) शिलकीवरून मोजायचा, मत देण्याच्या क्षणाच्या शिलकीवरून नाही. कोडमध्ये ही एक गोष्ट आधी शोधा.

ठरावाचं वर्णन वाचून थांबणं

मे 2023 मध्ये टॉर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेत आलेला ठराव आधी मंजूर झालेल्या ठरावासारखाच आहे, असं वर्णनात म्हटलं होतं. पण त्याच्या कोडमध्ये एक जादा फंक्शन होतं. मंजुरीनंतर ठरावाच्या कॉन्ट्रॅक्टने (ब्लॉकचेनवर बसवलेल्या कोडने) स्वतःला पुसलं, त्याच पत्त्यावर वेगळा कोड आला आणि हल्लेखोराला 12 लाख मतं मिळाली. खरी मतं होती सुमारे 7 लाख. मार्च 2024 च्या डेनकुन अपग्रेडनंतर इथेरियम या ब्लॉकचेनवर ही विशिष्ट युक्ती चालत नाही, पण वर्णन एक आणि कोड दुसराच ही शक्यता कायम आहे.

टाइमलॉक दिसला की निश्चिंत होणं

मंजुरी आणि अंमलबजावणी यांत दोन-तीन दिवसांचं अंतर, म्हणजेच टाइमलॉक, हवंच. पण ते दोन्ही बाजूंनी कापतं. सप्टेंबर 2021 मध्ये कंपाउंडच्या ठराव 62 मधल्या चुकीमुळे जास्तीचे टोकन वाटले जाऊ लागले. दुरुस्तीही मतदानातूनच जाणार, म्हणजे सुमारे आठवडाभर हातावर हात ठेवून बसायचं. आणीबाणीत कोण काय थांबवू शकतो, आणि तोच अधिकार वापरून पैसे काढू शकतो का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

कायद्याचाही एक प्रश्न आहे. नोंदणीकृत संस्था नसेल तर जबाबदारी कोणाची? अमेरिकेत जून 2023 मध्ये ऊकी नावाच्या डीएओलाच 6,43,542 डॉलरचा दंड झाला.

चाव्या न मोजणं

चाव्या म्हणजे तिजोरीवर सही करायचे अधिकार. ब्लॉक एक्स्प्लोररवर (ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) कॉन्ट्रॅक्टचा मालक कोणता पत्ता आहे ते बघा. टाइमलॉक आहे, मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणारं खातं) आहे की कोणाचं साधं वॉलेट? मल्टिसिग असेल तर किती सह्या लागतात, आणि सह्या करणारे खरोखर वेगवेगळे आहेत का? अ‍ॅक्सी या खेळाच्या रोनिन ब्रिजवर (दोन ब्लॉकचेनमध्ये पैसे नेणाऱ्या पुलावर) 9 पैकी 5 सह्या पुरत होत्या आणि त्यांतल्या 4 एकाच कंपनीकडे होत्या. पाचवी अ‍ॅक्सी डीएओची. वापरकर्त्यांची गर्दी वाढली म्हणून 2021 च्या अखेरीस डीएओने कंपनीला आपल्या वतीने सही करायची तात्पुरती मुभा दिली होती. गरज संपली, मुभा काढून घ्यायची राहिली. मार्च 2022 मध्ये 1,73,600 इथर (इथेरियमचं चलन) आणि अडीच कोटींहून जास्त यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले टोकन) चोरीला गेले. कोणाला सहा दिवस पत्ता नव्हता. एका वापरकर्त्याला 5,000 इथर काढता येईनात, तेव्हा कळलं.